सर्वोची चौकट बसवून देणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात तुम्ही माझ्या ट्रेनरच्या (रिमोटवर उडणाऱ्या शिकाऊ विमानाच्या) उजव्या पंखातला सर्वो माउंट, म्हणजे पंखाचा हलता भाग फिरवणारी छोटी मोटर (सर्वो) धरून ठेवणारी बैठक, नव्याने करून दिलात, त्याचे आभार नीट मानायचे राहूनच गेले. मैदानावर तुमच्याभोवती कोणी ना कोणी आपलं विमान घेऊन उभं असतं, आणि आभाराचा विषय काढला की तुम्ही बॅटरी चार्ज झाली का, ते विचारता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. फोमची विमानं उडवणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

झालं होतं ते असं. उतरताना पंखाचं टोक उंच गवतात अडकलं, एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीला) हिसका बसला आणि सर्वोच्या प्लॅस्टिक गिअरचे दात गेले. नऊ ग्रॅमचा साधा सर्वो, बुधवार पेठेत कधीही मिळेल असा. पण तो कारखान्यातूनच हॉट ग्लूने थेट फोममध्ये चिकटवून आलेला. हिसक्याने एका बाजूचा फोमही फाटला होता. दुकानात सांगितलं, "ताई, पंखच नवा घ्या," आणि तो पंख सुटा मिळतही नव्हता. एवढ्याशा गिअरपायी धडधाकट विमान माळ्यावर टाकायचं, हे मला अजिबात पटत नव्हतं.

तुम्ही पंख हातात घेतलात आणि काहीही ओढलं नाहीत. सिरिंजमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल भरून सर्वोच्या कडेकडेने थेंब सोडलेत, जरा थांबलात, पुन्हा सोडलेत. मग पातळ पट्टी खाली सरकवली तर अख्खा ग्लू अलगद सुटून आला आणि फोमचा कणही निघाला नाही. हॉट ग्लूची पकड अल्कोहोलने सुटते, ईपीओ फोमला (माझा पंख ज्याचा आहे त्या फोमला) त्याचं काही होत नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती माहीत नसल्यामुळे किती पंख फाडले गेले असतील!

नवा सर्वो तसाच चिकटवून देऊ का, असं मी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "दार कधी कोणी भिंतीला चिकटवतं का? भिंतीत चौकट बसवायची, दार स्क्रूवर." मग कागदावर हिशोब मांडून दाखवलात. हा सर्वो 4.8 व्होल्टला साधारण 1.8 किलो-सेंटिमीटर जोर लावतो. म्हणजे सर्वोच्या आर्मच्या (फिरणाऱ्या दांडीच्या) मध्यापासून एक सेंटिमीटरवरच्या भोकात पुशरॉड (एलेरॉनला जोडणारी तार) अडकवला, तर नऊ ग्रॅमची वस्तू जवळपास पावणेदोन किलोने ओढते. ती ओढ झेलायची कोणी, तर नखाची खूण उमटते अशा फोमने. अशा वेळी ग्लू सुटत नाही. ग्लूला लागून असलेला फोमचा थर सोलला जातो. म्हणून ओढ जास्त जागेवर पसरवायची. चिकटलेली सर्वोची कूस जेमतेम पाच चौरस सेंटिमीटर होती. तुम्ही दीड मिलिमीटर प्लायची चौकट कापलीत, बाहेरून 65 बाय 55, आतून 42 बाय 36 मिलिमीटर. फोमवर टेकणारी जागा वीस चौरस सेंटिमीटरच्या वर गेली. ही आकडेमोड तुम्ही समजावलीत म्हणून मला माउंट म्हणजे काय ते कळलं. नुसतं दुरुस्त करून दिलं असतंत तर मी विमान घेऊन घरी गेले असते, एवढंच.

फाटलेला भाग तुम्ही चौकोनी कापून काढलात आणि तेवढाच फोमचा तुकडा बसवलात. प्लायची खालची बाजू पॉलिश पेपरने खरवडलीत, फोमला टूथपिकने टोचे मारलेत, म्हणजे अॅराल्डाइट आत शिरून धरेल. तेही पाच मिनिटांत सुकणारं नव्हे, रात्रभर घेणारं, आणि पातळ थर. जाड गोळा सुकताना तापतो. चौकटीवर झाकण स्क्रूंनी बसतं, म्हणून तिच्या चार कोपऱ्यांना खालून लाकडाचे बारीक ठोकळे, कारण दीड मिलिमीटर प्लायमध्ये स्क्रूचे आटे धरत नाहीत. स्क्रू एकदा फिरवून काढायचा, भोकात फेविक्विकचा एक थेंब, पूर्ण सुकू द्यायचा, मगच परत घट्ट करायचा. फेविक्विक लाकडात जिरून आटे कडक होतात. (पांढऱ्या थर्माकोलच्या पंखावर मात्र फेविक्विक लावू नका, तो फोम खाऊन टाकतो, हे वाचणाऱ्यांसाठी.) सर्वो आडवा करून झाकणाच्या आतल्या बाजूला वेगळ्या ठोकळ्यांवर कसला, आर्म खाचेतून बाहेर. आता चार स्क्रू काढले की झाकणासकट सर्वो हातात येतो.

मेटल गिअरचा सर्वो टाकावा का, यावर तुम्ही जे सांगितलंत ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वजन तेराएक ग्रॅम, चार ग्रॅमने काही बिघडत नाही, दोन्ही पंखांत सारखे टाकले की झालं. पण दात तुटत नाहीत म्हटल्यावर पुढचा हिसका कुठे जाणार? माउंटवर. तेव्हा मेटल गिअर टाकायचे तर आधी माउंट भक्कम करायचा. लोक उलट क्रमाने जातात आणि मग सर्वो शाबूत, पंख फाटलेला.

तुमची ती तपासणी तर मी आता प्रत्येक विमानावर करते. एलेरॉन दोन बोटांत हलकेच धरायचा, रिमोटची स्टिक थोडीशी हलवायची, आणि एलेरॉनकडे न बघता सर्वोकडे बघायचं. सर्वोचं अंग केसभरही उचललं तर माउंट सैल आहे. जमिनीवर ते क्षुल्लक वाटतं. हवेत त्याच ढिलाईने एलेरॉन मध्यावर परत येत नाही, आणि वेगात फडफडायला लागला तर पंख वाचत नाही. परवा एका मुलाच्या विमानावर हेच दिसलं. त्याने उड्डाण थांबवलं, पंख घरी नेला. त्या विमानाला वाचवलंत ते तुम्हीच, तुम्ही तिथे नव्हतात तरी.

काका, तुम्ही पैसे घेतले नाहीत, प्लायचेसुद्धा. तुमची अख्खी दुपार गेली, आणि माझा प्रश्न बाळबोध आहे असं एकदाही जाणवू दिलं नाहीत. मैदानावर बाई म्हणून मला बरेचदा "मिस्टरांना विचारा" असं ऐकावं लागतं. तुम्ही सरळ करवत माझ्या हातात दिलीत आणि दुसरी चौकट मला कापायला लावलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

डावा पंखही आता तसाच झाला आहे. भवानी पेठेतून दीड मिलिमीटरचा बर्च प्लाय आणला, त्यातला अर्धा तुमच्यासाठी ठेवलाय. रविवारी घेऊन येते. आणि तुमच्या ग्लायडरच्या पंखांचं काम काढाल तेव्हा कळवा. एवढा लांब पंख धरायला माणूस लागेल, मी येईन.

आपली,
पिवळ्या ट्रेनरवाली