लिफ्टच्या अहवालातले शेरे वाचतो कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिफ्टच्या अपघाताची बातमी छापून आली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस एकच प्रश्न फिरतो, ‘आपल्या लिफ्टचा दोर तुटला तर?’ ठाण्यातील एका जुन्या सातमजली इमारतीचे सचिवपद सांभाळल्यावर मला वाटू लागले आहे की भीती खरी असली तरी तिची जागा चुकते. लिफ्ट एका नव्हे, अनेक पोलादी दोरांवर लटकते, आणि खाली येताना वेग मर्यादेबाहेर गेलाच तर गव्हर्नरमुळे (वेगावर नजर ठेवणाऱ्या यंत्रामुळे) सेफ्टी गिअर दोन्ही बाजूंचे रूळ आवळून तिला जागीच थांबवतो. घात होतो तो बरेचदा दाराशी. लिफ्ट मजल्यावर नसताना दार उघडते आणि माणूस सवयीने पाऊल आत टाकतो.

पदभार घेतला तेव्हा फाइलमध्ये उद्वाहन (म्हणजे लिफ्ट) निरीक्षकांचा आठ महिन्यांपूर्वीचा अहवाल होता. त्यात चौथ्या मजल्यावरील दाराचे लॉक सदोष असून ते तातडीने बदलावे, असा शेरा होता. तो कोणी वाचलाच नव्हता. शुल्काची पावती जोडून कागद पंच करून ठेवला होता. मेकॅनिकला बोलावून लॉक उघडले तर त्याच्या विद्युत संपर्काची (कॉन्टॅक्टची) दोन टोके वीतभर लाल तारेने थेट जोडलेली दिसली. दार नीट बंद होऊन लॉक लागल्याशिवाय मोटरला वीज मिळू नये, एवढ्यासाठीच तो संपर्क असतो; तार लावली की दार उघडे असले तरी यंत्रणेला ते बंदच वाटते. गणपतीत लिफ्ट सारखी चौथ्यावर अडकत होती आणि रहिवाशांचे फोन थांबत नव्हते, म्हणून त्या मेकॅनिकनेच ती ‘तात्पुरती’ लावली होती. “साहेब, लिफ्ट बंद ठेवली की लोक मलाच बोलतात,” हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. नवे लॉक येईपर्यंत तीन दिवस लिफ्ट बंद ठेवली, तेव्हा सातव्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्याशी बोलणे टाकले होते.

आठ महिने हे कोणाच्या लक्षात का आले नाही, याचे उत्तर दुसऱ्या एका कागदात होते. देखभाल करार असलेल्या कंपनीची सर्व्हिस स्लिप दरमहा येत होती, तिच्यावर ‘ओके’ लिहिलेले असे आणि खाली वॉचमनची सही. त्या स्लिपलाच आम्ही तपासणी समजत होतो. देखभाल करणाऱ्याने स्वतःच्या कामाला दिलेली पावती आणि त्रयस्थ सरकारी निरीक्षकाने नोंदवलेल्या त्रुटी यांत फरक आहे, आणि कायद्याचा सगळा भर या दुसऱ्या कागदावर आहे. १९३९ च्या लिफ्ट कायद्यापासून लिफ्ट बसवण्याआधी परवानगी, वापरण्याआधी परवाना आणि त्यानंतर ठरावीक मुदतीने तपासणी अशी रीत राज्यात चालत आली आहे. २०१७ च्या कायद्याने तिच्यात सरकते जिनेही आणले. देखभालीचा करार केला म्हणजे जबाबदारी कंपनीकडे गेली, असा आमच्या कार्यकारिणीचा समज होता. कायद्यापुढे उत्तर द्यावे लागते ते मालकाला, म्हणजे इमारत सोसायटीच्या ताब्यात असेल तर सोसायटीलाच.

अहवाल वाचताना सगळे शेरे एका मापाने मोजू नयेत, हे मी अनुभवाने शिकलो. मशीन रूममधील अडगळ हलवायला आठवडा लागला तरी चालेल (आमच्याकडे ती गणपतीच्या मखराचे थर्माकोल होती). पण दाराचे लॉक, ब्रेक, गव्हर्नर किंवा दोरातील तुटलेल्या तारा यांबद्दल शेरा असेल, तर पुढच्या मासिक सभेची वाट न पाहता त्याच दिवशी लिफ्ट बंद केली पाहिजे. दुरुस्तीनंतर पूर्तता अहवाल निरीक्षकांच्या कार्यालयात देऊन त्याची पोच घ्यावी. ती पोच फाइलमध्ये नसेल तर दुरुस्ती झाली, हे पुढच्या सचिवाला कळणार कसे?

आपल्या वृत्तपत्राद्वारे संबंधित विभागाला माझी एकच विनंती आहे. अहवाल सोप्या मराठीत असावा, लिफ्ट तत्काळ बंद करण्याजोग्या त्रुटी त्यात सर्वांत वर आणि वेगळ्या लिहिलेल्या असाव्यात, आणि त्याची प्रत तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी लावणे सोसायट्यांना बंधनकारक करावे. आमच्याकडे ती आता लावलेली असते, आणि लिफ्टची वाट पाहत उभ्या असलेल्या काकूच ती सर्वांत आधी वाचतात.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव, ठाणे