सरसकट सूट आणि औषध दुकान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दवाखान्याबाहेरची औषधेही आता कॅशलेस विम्यात येऊ लागली आहेत. पेशंटला खिशात हात घालावा लागत नाही, हे चांगलेच. दुकानदाराचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार आवश्यक औषधांची कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याचे मार्जिन १६ टक्के धरतात, तेही दुकानाच्या खरेदीदरावर. जीएसटी बाजूला ठेवला तर १०० रुपयांना आलेली पट्टी ११६ ला विकायची. एमआरपीच्या हिशेबात हे मार्जिन १३.८ टक्केच भरते, आणि गोम इथेच आहे. विमा कंपनी आणि दुकान यांच्यामधल्या मध्यस्थ कंपनीने करारात ‘एमआरपीवर सरसकट १५ टक्के सूट’ घातली, की १७ रुपये ४० पैसे गेले, हाती ९८ रुपये ६० पैसे. म्हणजे पट्टीमागे १ रुपया ४० पैसे पदरचे. भाडे, फ्रीजची वीज, फार्मासिस्टचा पगार वेगळाच. वर बिल उशिरा पास होते, होलसेलर तर थांबत नाही.

अमेरिकेत असल्या मध्यस्थांना फार्मसी बेनिफिट मॅनेजर म्हणतात. ओहायो राज्याच्या ऑडिटरने २०१८ मध्ये तपासले, तर मध्यस्थांनी मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेकडून घेतलेले आणि दुकानांना दिलेले पैसे यांत वर्षाला २२ कोटी ४८ लाख डॉलरचा फरक निघाला. आर्कान्सास राज्याने २०१५ मध्येच कायदा केला होता: घाऊक भाव वाढले की मध्यस्थाने दुकानांना द्यायच्या दरांची यादी वेळेत बदलायची, खरेदीपेक्षा कमी मिळाले तर दुकानदाराला अपील, आणि तोटाच होणार असेल तर औषध नाकारण्याची मुभा. मध्यस्थांची संघटना कोर्टात गेली. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी राज्याचा कायदा उचलून धरला.

विमा केंद्राचा विषय आहे, हे मान्य. पण औषधे समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत आहेत आणि दुकानाचा परवाना राज्यच देते. निदान राज्याच्या पैशांवर चालणाऱ्या योजनांच्या करारात तरी आमच्या कर्नाटक सरकारने ‘खरेदीदरापेक्षा कमी नाही’ हे कलम घालावे. खानापूरच्या जंगलपट्ट्यातले एक मेडिकल बंद पडले, तर इन्सुलिनसाठी बेळगावची एसटी धरावी लागते.

तोवर दुकानदार बंधूंनी सही करण्याआधी किंमत-नियंत्रित औषधांची सूट वेगळी लिहून घ्यावी, आणि बिल किती दिवसांत मिळणार तेही.

आपले,
काही औषधविक्रेते, निपाणी-खानापूर