व्यस्त फल: कृतीआधी अर्थ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर, निपाणी, बेळगाव परिसरातील मराठी माध्यमाची मुले दहावीनंतर पीयूसीला (कर्नाटकातील अकरावी-बारावीला) जातात, तेव्हा मराठीत शिकलेले गणित त्यांना एकाएकी इंग्रजीतून भेटते आणि दुसऱ्या वर्षी एकैक फल (वेगळ्या संख्यांना वेगळीच उत्तरे देणारा नियम, इंग्रजीत वन-वन फंक्शन) व त्याचे व्यस्त फल (उत्तरावरून मूळ संख्येकडे परत नेणारा नियम, इन्व्हर्स फंक्शन) येथे अनेकांची गाडी अडते. माझ्या मते अडचण भाषेइतकीच मांडणीचीही आहे. व्यस्त फल काढण्याची ‘क्ष आणि य यांची अदलाबदल करा’ ही कृती मुलांना पाठ असते; ती केव्हा चालते, हे त्यांना कुणी विचारलेलेच नसते.

गावावरून पिनकोड सांगता येतो. परंतु एकाच पिनकोडखाली अनेक खेडी येत असल्याने पिनकोडवरून नेमके गाव सांगता येत नाही. याउलट ‘केए २२’ने सुरू होणारा प्रत्येक नोंदणी क्रमांक एकाच वाहनाचा असल्याने तेथे परतीची वाट खुली राहते. य = २क्ष + ३ हे फल असेच आहे: २ चे ७ होतात आणि ३ वजा करून २ ने भागले की ७ वरून पुन्हा २ मिळतात. वर्गाच्या फलात मात्र ३ आणि −३ या दोहोंचे ९ होतात, म्हणून प्रांत (फलात घालायच्या संख्यांचा संच) शून्य व धन संख्यांपुरता आखला तरच वर्गमूळ हे त्याचे व्यस्त ठरते. (वर्गमूळाचे चिन्ह ऋण उत्तर का देत नाही, याचे मूळही यातच आहे.) व्यस्त फल दाखवणारा, फलाच्या अक्षराच्या माथ्यावरचा ‘उणे एक’ हा घातांक समजून १ भागिले फल असे लिहिणारी मुले तर मी दरवर्षी पाहिली.

आपल्या शैक्षणिक पानावर अशा संज्ञांची मराठी व इंग्रजी नावे उदाहरणांसह नियमित द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, खानापूर