सातबाऱ्यावर नसलेलं

ता. पाटण, जि. सातारा

चि. प्रशांत यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सातबारा मागितलास. तो काय, तू मोबाईलवरही काढशील. पण सड्यावरच्या, डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या, आपल्या तुकड्याला गिऱ्हाईक आलंय, चांगला भाव देतोय, विकून टाकू, असं तू इतक्या घाईनं म्हणालास की मला काही बोलताच आलं नाही. फोनवर मला सुचत नाही, तुला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले.

नवीन महाबळेश्वर म्हणून जे नवं गिरिस्थान इकडं वसवायचं चाललंय, त्याचं इथं सगळ्यांच्या तोंडी आहे. पहिल्या यादीत २३५ गावं, नियोजन राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. शेजारच्या पोरानं मोबाईलवर नकाशा दाखवला. रंगीबेरंगी आहे. आपला सडा कुठल्या रंगात येतो ते शोधता शोधता मला नवी मुंबईतलं आपलं कोपरखैरणं आठवलं, आणि मग रात्रभर तेच डोक्यात राहिलं.

आपण १९८९ च्या पावसाळ्यात तिकडं राहायला गेलो तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. त्याआधी तुझे वडील, आप्पा, मुंबईत मशीद बंदरला गावकीच्या खोलीत राहायचे. वीस-बावीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. दिवसभर पाठीवर पोती आणि रात्री कुशी बदलायला जागा नाही. मुंबईचा घाऊक बाजार खाडीपलीकडे जाणार, माथाडींना घरं मिळणार, हे ऐकलं तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली होती. आई नव्या शहराला नावं ठेवायला लिहितेय असं समजू नकोस. इथं मी झऱ्यावरून डोक्यावर एक आणि कडेवर एक अशा घागरी वाहिल्या. तिथं नळ सोडला की पाणी. तुझी शाळा त्याच घरानं केली. बाळंतीण अडली तर डोलीतून खाली उतरवताना मी या वाडीत पाहिलंय. रस्ता नको, दवाखाना नको, असं मी कशाला म्हणू?

तुला म्हावरं घेऊन येणारी मावशी आठवते का? हिरव्या काठाचं लुगडं, डोक्यावर पाटी. तू तिच्या पाटीतल्या जिवंत चिंबोऱ्यांना घाबरून माझ्यामागं लपायचास. एकदा जोराचा पाऊस आला म्हणून ती आपल्या जिन्याखाली थांबली. मी चहा दिला. चहा पिता पिता तिनं समोरच्या इमारतीकडं हात केला आणि सांगायला लागली. तिथं तिच्या सासरची भातखाचरं होती. त्यापलीकडं बांध, बांधाला उघाडी, म्हणजे पाणी अडवायचं-सोडायचं दार. भरतीला ती नीट लावली नाही तर खाडीचं पाणी आत यायचं आणि उभं भात जळून जायचं. उघाडीवर रात्री कुणी जागायचं याची घराघरात पाळी असायची. ती नवी सून असताना सासऱ्यांबरोबर कंदील घेऊन गेलेली. हे सगळं तिनं बोटानं दाखवलं, जणू अजून तिथं आहे. मला दिसत होतं ते बसथांबा आणि किराणा दुकान.

तोवर तीन वर्षं झाली होती आपल्याला तिथं. मी ज्या फरशीवर स्टोव्ह पेटवत होते तिथं कुणाची तरी पेरणी होत होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून तिच्याशी भाव करताना माझी जीभ अडायची.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडची ९५ गावं नव्या शहरासाठी ठरली, हे तू शाळेत वाचलं असशील. १९८४ च्या जानेवारीत जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील, त्यांचं नाव घेताना मावशीचा आवाज बदलायचा. त्या लढ्यामुळंच पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला, हे ती अभिमानानं सांगायची. पण तिचं स्वतःचं दुखणं वेगळंच होतं, आणि तेच तुला सांगायचंय.

मोबदला आला तो कागदावरच्या जमिनीचा. तिची सासू ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, ती चिखलातली मासळी, धरायची, त्यावर घरचं रोजचं कालवण व्हायचं. त्या चिखलाचा सातबारा कुणाच्या नावावर असणार? उन्हाळ्यात मिठागरावर चार महिने मजुरी मिळायची, ती कुठल्या कागदावर लिहिणार? जमिनीचे पैसे दिरांच्या हातात आले, दोन लग्नं झाली, संपले. बायकांना कुणी काही विचारलं नाही. पुढं पोरं मोठी झाली, त्यांचे संसार झाले, गावठाणाची हद्द मात्र तेवढीच. गरजेपोटी बाहेर चार भिंती उभ्या केल्या तर त्या बेकायदा. आपल्याच गावात, प्रशांत! तिच्याकडून घेतलेली कोलंबी मी साफ करत होते आणि ती हे सांगत होती.

आता आपला सातबारा उघडून बघ. गट नंबर, क्षेत्र, आकार, आणि एक शब्द: पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा. आपला झरा त्या पोटखराब्यात आहे. पाच हिरड्याची झाडं त्यातच आहेत, ज्यांच्या हिरड्यावर तुझ्या आजीनं आप्पांना मुंबईचं पहिलं भाडं दिलं. सड्यावर चरायला जाणारी सगळ्या वाडीची जनावरं आपल्याच बांधावरून जातात; ती वाट कागदावर नाहीच. घेणारा उद्या तारेचं कुंपण घालेल आणि त्याची काही चूक नसेल, कारण त्याला पोटखराबाच विकलेला असेल.

माझं आजोळ कोयना धरणाच्या शिवसागराच्या पाण्याखाली आहे. आजी म्हणायची, घराचे पैसे मिळाले पण शेजार कुणी मोजला नाही. सगळी वाडी तीन जिल्ह्यांत पांगली, आणि तिच्या मैत्रिणी मेल्याचंही तिला वर्षावर्षानं कळायचं. लहानपणी मला वाटायचं, म्हातारीला रडायची सवय आहे.

म्हणून मी वहीत लिहायला घेतलंय. झरा कुठं, त्याचं पाणी कुणाकुणाच्या घरी जातं, वाट कुठून, हिरडा किती, वरच्या देवाला शिमग्यात कोण कुठून येतं. नियोजनवाले हरकती-सूचना मागतात तेव्हा हे लिहून द्यायचं असतं, असं ग्रामपंचायतीत म्हणाले. नुसतं तोंडी सांगून मावशीच्या सासऱ्यांची उघाडी कुठल्याच नकाशावर आली नाही. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, तू ते नीट लिहून दे.

आणि एक. त्या तुकड्यावर तुझ्या दोन्ही आत्यांची नावं आहेत. हक्कसोड करून घेऊ असं मनातसुद्धा आणू नकोस. त्यांना न विचारता मी अंगठा काय, सहीचा ठिपकाही देणार नाही. सगळ्यांनी बसून विकायचं ठरलं तर विकू. पण झऱ्याची आणि वाटेची जागा सोडून, आणि तसं खरेदीखतात लिहून.

वैशाखात ये. बाकीचं सगळं पाणी आटलेलं असतं, आपला झरा तेवढा वाहत असतो, त्यामुळं तो किती घरांचा आहे ते तेव्हाच कळतं. येताना मोजायची टेप आण, आणि थोरल्या आत्याला पनवेलहून गाडीत घे. झऱ्याच्या वरची वाट तिला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे.

तुझी,
आई