फ्लॉपी नंबर २२ शोधायला लावणाऱ्या दादांना

दादा,

शहापुरात माडीवर तुमचा कॉम्प्युटर क्लास होता. १९९६ च्या मे सुट्टीत मी तिथं डॉस, म्हणजे कॉम्प्युटरला टाईप करून हुकूम द्यायची तेव्हाची प्रणाली, शिकायला आलो आणि 'द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड' हा गेम शिकून गेलो. बाबांनी फी डॉसची भरली होती. त्यांना हे अजून ठाऊक नाही. त्याचे आभार आज चारचौघांत मानतो.

गेम १९९० चा, लुकासफिल्म गेम्सचा. रॉन गिल्बर्टनं केलेला. टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन जोडीला. नायक गायब्रश थ्रीपवूड. पायरेट, म्हणजे समुद्री चाचा, व्हायचंय म्हणून बेटावर येतो, पण अंगात कला एकच: दहा मिनिटं श्वास रोखून धरायचा. आणि तलवारबाजी सगळी तोंडानं! समोरच्यानं टोमणा हाणायचा, आपण त्याला चपखल उत्तर द्यायचं. उत्तर माहीत नसेल तर आधी हरायचं, टोमणा पाठ करायचा, तोच दुसऱ्यावर हाणायचा आणि तो काय म्हणतो ते ऐकून ठेवायचं.

आमचं इंग्रजी मराठी शाळेतलं. तुम्ही मागं स्टुलावर बसून म्हणालात, "तो म्हणतोय, गवळ्यागत लढतोयस. आता तू काय म्हणणार?" पर्याय वाचून दाखवलेत आणि गप्प बसलात. खाली गल्लीतनं म्हशी चालल्या होत्या. एकदम पेटलं डोक्यात. "बरोबरच हाय की, तू गाईगत लढतोयस!" शेजारच्या कॉम्प्युटरवरची पोरं टायपिंग सोडून हसायला लागली.

पुढं ती तलवारबाज कार्ला आली. तिचे टोमणे सगळे नवे, उत्तरं मात्र आपल्याकडची जुनीच फिरवून बसवायची. तीन दिवस मार खाल्ला. तुम्ही एक अक्षर सांगितलं नाहीत. तेव्हा भयंकर राग आला होता.

जंगलात त्या झाडाच्या बुंध्यापाशी गेमनं २२ नंबरची फ्लॉपी, म्हणजे गेम साठवलेली चकती, मागितली तेव्हा तर तुम्ही कमाल केलीत. "कपाटात बघ की." मी दोन खण उपसले. मग ३६ मागितली, मग ११४. तेव्हा कळलं, गेमच आमची चेष्टा करतोय, आणि तुम्हीही.

ते चक्रही आठवतं. गेम सुरू होताना अर्धा-अर्धा जुळवलेला चेहरा दाखवून विचारायचा, हा पायरेट अमुक ठिकाणी कुठल्या साली फासावर गेला? गेमबरोबरच्या पुठ्ठ्याच्या चक्रावर तोच चेहरा जुळवला की साल दिसायचं. कॉपी करणाऱ्यांना अडवायला ही युक्ती. तुम्ही त्या चक्राची झेरॉक्स लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवून मधे शर्टाची गुंडी शिवली होती. पायरेटांचा गेम, तोही पायरेटेड!

२०२२ साली 'रिटर्न टू मंकी आयलंड' आला, गिल्बर्ट आणि ग्रॉसमननंच लिहिलेला. या वेळी पैसे भरून घेतला. चक्र माझ्याकडंच आहे. गुंडी निसटलीय. गणपतीला गावी येतोय, तेव्हा घेऊन येतो. तुम्हीच शिवून द्या.

तुमचा,
डॉस न शिकलेला विद्यार्थी