धरणांच्या टक्क्यांशेजारी गळतीचा आकडाही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की गंगापूर, दारणा, मुकणे ही धरणं किती टक्के भरली याची चौकट आपल्या दैनिकात येते. अंक हातात घेतला की मी आधी तीच पाहतो. मुंबईच्या सात तलावांचा साठा दिला असेल तर तोही. एकतीस वर्षांच्या नोकरीची ही सवय आहे. मी मुंबईत पाणीपुरवठ्याच्या कामावर चावीवाला होतो. 2020 साली निवृत्त झालो, आता नाशिकला इंदिरानगरात राहतो. त्या चौकटीशेजारी आणखी एक आकडा छापला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मूळचा मी इगतपुरी तालुक्यातला. त्र्यंबकच्या डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस गोदावरीतून गंगापूर धरणात येतो आणि दुसऱ्या अंगाचा वैतरणेतून पश्चिमेला समुद्राकडे जातो. अप्पर वैतरणा धरण आपल्याच जिल्ह्यात आहे. आमची दोन भातखाचरं त्या धरणात गेली. तिथलं पाणी खाली मोडकसागरात, तिथून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात आणि मग मुंबईत घरोघर जातं. म्हणजे आमच्या खाचरांवर चढलेलं पाणी पुढे मीच पहाटे चावी फिरवून मुंबईकरांना सोडत होतो. ते रस्त्यावर वाहताना पाहिलं की माझा जीव तुटायचा, आजही तुटतो.

चावीवाला म्हणजे काय हे इथे अनेकांना ठाऊक नसतं. मुंबईत बहुतेक भागांना ठरलेल्या वेळेतच पाणी मिळतं. त्यासाठी रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढून लांब दांड्याच्या चावीने व्हॉल्व्ह फिरवायचा. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, टेकडीवरच्या वस्तीत पाणी चढेपर्यंत खालच्या गल्लीचा किती आवळून ठेवायचा, हे कागदावर कमी आणि आमच्या डोक्यात जास्त असायचं. जुना माणूस निवृत्त झाला की नव्याला आठ-पंधरा दिवस बरोबर फिरवायचा, तेव्हा कुठे त्याच्या हाताला अंदाज यायचा.

गळती शोधणं त्याहून अवघड. समुद्राकाठची जमीन खारी, लोखंडी नळ लवकर गंजतात. भरती आली की खाडीलगतची चेंबरं भरून जातात. मग ते पाणी खाडीचं, गटाराचं की नळाचं? थोडं बाटलीत घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पाणी आपलं. रात्री रहदारी थांबली की लोखंडी सळईचं एक टोक नळावर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. कुणाच्या घरातला नळ चालू असेल तर तो आवाज थोड्या वेळाने थांबतो. गळतीचा थांबत नाही, सूं करत राहतो. हा फरक ओळखायला मला तीन पावसाळे लागले.

नाशिकला भरती नाही, खारी जमीन नाही. इथे फुटलेल्या नळाचं पाणी मुरुमात जिरतं, नाहीतर पावसाळी गटारीतून सरळ नासर्डी नदीला मिळतं. वर काहीच दिसत नाही, म्हणून तक्रारही होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्हच्या चेंबरमधून अशीच धार लागली होती. गटारीच्या तोंडाशी मी पंधरा लिटरची बादली धरली आणि घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंदांत भरली. म्हणजे तासाला 1350 लिटर. आमच्याकडे दोन तास पाणी येतं, तेव्हा दिवसाला 2700. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी मिळावं असं केंद्राचं मानक आहे. त्या हिशेबाने वीस माणसांचं पाणी एका चेंबरमधून रोज जात होतं. अकरा दिवसांत तीस हजार लिटरला तीनशेच कमी, म्हणजे दहा हजारी टँकर तीन. कळवल्यावर दोन मुलं आली आणि तासाभरात पॅकिंग बदलून गेली. काम चोख होतं, त्यांना माझा बोल नाही. प्रश्न असा की ही तीन टँकरची गळती कोणत्या वहीत लिहिली गेली? माझ्या डायरीत आहे. दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही, कारण मोजायला तिथे मीटरच नव्हता.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने 2008 मध्ये शहरांच्या सेवांची मानकं ठरवली. शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ज्याचं बिल होत नाही असं पाणी, म्हणजे गळती, चोरी आणि बिनबिलाचं सगळं धरून, वीस टक्क्यांच्या आत असावं, असं त्यात आहे. आपलं शहर या बाबतीत कुठे उभं आहे, हे साध्या नागरिकाला पेपर उघडून कळलं पाहिजे. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 4 आहे. कुणी अर्ज करायची वाट न पाहता कार्यालयांनी आपली माहिती आपणहून जाहीर करावी, असं ते सांगतं. मार्च 2022 नंतर नाशिकमध्ये आणि मुंबईतही काही वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. प्रभागातून उठून विचारणारं माणूस नसतं तेव्हा छापील आकडाच कामाला येतो.

माझी मागणी फार खर्चाची नाही. प्रत्येक जलकुंभात किती पाणी आलं आणि त्याच्या हद्दीत किती पाण्याचं बिल झालं, हे दोनच आकडे महिन्यातून एकदा द्यावेत. फरक वाचक आपण काढतील. ज्या कुंभाचा फरक सर्वांत मोठा, तिथे आधी सळई घेऊन माणूस पाठवावा. आता सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं आहेत. एकदा काँक्रीट पडलं की खालचा नळ ऐकूही येत नाही आणि उकरताही येत नाही. म्हणून ही तपासणी काँक्रीटच्या आधी व्हावी. हे मी हात जोडून सांगतो.

जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपण नाशिककर पेटून उठतो. वरच्या गावांची तहान मी लहानपणापासून पाहिली आहे, त्यामुळे तो राग मला कळतो. पण खालच्या लोकांनी उद्या आपल्याला विचारलं की तुमच्या शहरात किती पाणी गळतं, तर आपल्याकडे आकडा हवा.

आपल्या प्रतिनिधीने हा हिशेब मिळवून छापावा. तो तपासायला एखादा जाणता माणूस लागला, तर मी विनामोबदला येईन, रात्री बोलावलं तरी येईन. स्वतः लोहाराकडून करून घेतलेली सळई अजून दाराआड उभी आहे.

आपला,
एक निवृत्त चावीवाला
इंदिरानगर, नाशिक