रंग उतरल्यानंतर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. घशाच्या दुखण्यामुळे यापुढे रंगमंचावर उभे राहायचे नाही, असे डॉक्टरांनी तुला बजावल्याचे वाचून जीव हळहळला. पण अभिनयाचा वर्ग घेणे म्हणजे आता ‘उरलेल्या दिवसांची सोय’ आहे, या तुझ्या वाक्याने मी त्याहून अधिक अस्वस्थ झालो. ते मला मुळीच पटलेले नाही. म्हणूनच आज तुला रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीविषयी लिहितो आहे.

आपण त्याला अभिनयाचा गुरू म्हणून ओळखतो. परंतु तो मुळात नट, आणि दिग्दर्शक म्हणून सुरुवातीला चांगलाच हुकमी. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर ही त्याची नाट्यसंस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी नाटककार चेखॉव्हचे ‘सीगल’ बसवताना त्याने पात्रांच्या हालचाली, संवादांमधले थांबे, इतकेच काय, बेडकांचे ओरडणे आणि कुत्र्यांचे भुंकणेसुद्धा आधीच कागदावर उतरवून ठेवले होते. नटांनी ते वठवायचे, एवढेच. नाटक गाजले आणि पद्धत बरोबर ठरली, असेच कोणालाही वाटले असते.

नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या नाटकातला डॉक्टर स्टॉकमन ही त्याची अत्यंत आवडती भूमिका. तीत बोलता बोलता तर्जनी आणि मधले बोट जोडून समोरच्यावर रोखण्याची त्याची एक लकब होती. ती त्याने ठरवून घेतली नव्हती. समोरच्याला आपले म्हणणे पटावे या तळमळीतून ती आपोआप हातात आली होती. पुढे १९०६ च्या उन्हाळ्यात, संस्थेचा परदेश दौरा आटोपल्यावर, फिनलंडमध्ये समुद्रकाठच्या कड्यावर बसून स्वतःच्या कामाचा हिशेब मांडताना त्याला उमगले, की बोटे अजूनही नेमक्या जागी उठतात, पण ज्या तळमळीने ती प्रथम उठली होती तिचा मागमूसही उरलेला नाही. वय ४३, नाव झालेले, प्रेक्षक खूश. तसेच रेटून नेले असते तर त्याला कोणी जाब विचारला नसता. मला त्याचे सर्वांत मोठेपण वाटते ते इथे, कारण त्याने स्वतःच स्वतःला जाब विचारला आणि पुढचे सारे शिकवणे त्या प्रश्नातून निघाले.

१९१२ मध्ये आपला सहकारी सुलेर्झित्स्की याच्या साथीने त्याने नटांना घडवण्यासाठी पहिला स्टुडिओ काढला. वाख्तांगॉव्ह आणि नाटककार चेखॉव्हचा पुतण्या मिखाईल चेखॉव्ह हे पुढे नावाजलेले नट-दिग्दर्शक तिथे घडले. नटाला हालचाल दाखवून देणारा दिग्दर्शक आता त्याला विचारू लागला, ‘तू या परिस्थितीत असतास, तर काय केले असतेस?’

आणि १९२८! संस्थेच्या तिसाव्या वर्धापनदिनी चेखॉव्हच्याच ‘थ्री सिस्टर्स’मधली वर्शिनिनची भूमिका करत असताना त्याच्या छातीत कळ आली. त्याने अंक पुरा केला. मात्र त्यानंतर तोंडाला रंग कधीच लागला नाही. पुढची दहा वर्षे, १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो लिहीत राहिला आणि शिकवत राहिला. अखेरच्या काळात फ्रेंच नाटककार मोलिएरच्या ‘तार्त्युफ’ या नाटकाच्या तालमी तो घरीच घेत असे, आणि त्या प्रयोग उभा करण्यासाठी नसून नटांना काम करण्याची रीत कळावी यासाठी आहेत, असे त्यांना स्पष्ट सांगत असे. याला उरलेल्या दिवसांची सोय म्हणशील का?

तुझी ती म्हाताऱ्याची भूमिका मला विंगेतून पाहिलेली आठवते. खुर्चीत बसण्याआधी तू तिचा हात चाचपून घ्यायचास. पुढे एका प्रयोगानंतर तू मेकअप उतरवताना हलक्या आवाजात म्हणाला होतास, ‘आज खुर्ची चाचपली, पण शोधली नाही.’ मी त्या रात्री घरी जाईपर्यंत त्याच विचारात होतो. वर्गात पहिल्या दिवशी व्याख्यान देऊ नकोस. एक खुर्ची ठेव, मुलांना डोळे मिटून ती शोधायला लाव, मग डोळे उघडे ठेवून तेच करायला सांग, आणि फरक कुठे पडतो ते त्यांनाच बोलू दे. घशालाही फार ताण पडणार नाही.

वर्ग झाल्यावर सविस्तर लिही. घरी सर्वांना नमस्कार.

तुझाच,
मित्र